दहावी पास माणूस फसत नाही

दहावी पास झालेल्या माणसाला कोणी फसवू शकत नाही. हे माझं मत नाही. माझं मत विचाराल तर विदर्भातल्या आमच्या वणीत फसणाराही दहावी पास असतो आणि फसवणाराही. फरक इतकाच, की फसवणाऱ्याचे दोन विषय राहिलेले असतात. पण परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी १९८३ साली जो एमिग्रेशनचा कायदा झाला, त्याचा कारभार याच श्रद्धेवर चालला आहे. पासपोर्टच्या अर्जाला दहावीची गुणपत्रिका जोडा, पासपोर्ट स्वच्छ मिळतो. ती नसेल तर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असं छापून येतं. एजंट त्याला ईसीआर म्हणतात. म्हणजे हा गडी भोळा आहे. हा सौदी, दुबई, कुवेत, कतार, ओमान, बहरीन धरून ठरावीक १८ देशांत कामाला निघाला, तर मालक कोण, पगार किती, करार कसला, हे सरकारनं आधी तपासावं. पास झालेल्याचं काही तपासायचं नाही. तो हुशार आहे.

किती हुशार? ३५ मार्कांइतका. ३४ मिळाले असते तर हाच पोट्टा सरकारच्या लेखी लेकरू होता. एका मार्कानं त्याला अक्कल आली. तो मार्क ग्रेसचा असला तरी अक्कल तीच. आमच्या भागात परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या मागच्या भिंतीवर जी माणसं चढलेली असतात, ती कॉप्या पुरवतात असा आपला गैरसमज होता. ती मुळात वणीच्या तरुणांचं आखातातल्या कफिलांपासून, म्हणजे तिथल्या मालकांपासून संरक्षण करत होती. खिडकीतून आत गेलेली एकेक चिठ्ठी म्हणजे पुढं रियाधमध्ये बुडणारा एकेक पगार वाचला. उगाच त्यांच्यावर पोलीस सोडले.

बरं, हुशारी फक्त दहावीनंच येते असंही नाही. ती वयानंही येते. पन्नाशी ओलांडली की ईसीआरचा शिक्का लागत नाही, मग बाबा अंगठेबहाद्दर का असेनात. १८ वर्षांच्या आतल्या पोरालाही लागत नाही. इन्कम टॅक्स भरणाऱ्याला लागत नाही. म्हणजे भारतीय माणूस अठराव्या वाढदिवशी सकाळी भोळा होतो आणि पन्नाशीला परत शहाणा होतो. मधल्या काळात दहावी काढली किंवा टॅक्स भरला तर सुटला. ज्या माणसानं एकावन्नाव्या वर्षी साखळी योजनेत दोन एकर घातले, त्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, “काऊन मस्करी करता बाप्पा?”

आता नापासाचे लाड बघा. त्याला ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर. अपघातात मेला किंवा कायमचा अपंग झाला तर दहा लाखांचं संरक्षण. मालकाची आणि कराराची तपासणी होते. पगार किमान इतका असलाच पाहिजे, याचेही आकडे देशवार ठरलेले आहेत. पास झालेल्याला यातलं काहीच सक्तीचं नाही. म्हणून वणी, मारेगाव आणि झरी जामणी तालुक्यांतल्या समस्त पालकांना सांगणं आहे, की पोराला दुबईला पाठवायचं ठरलं असेल तर त्याला दहावीला बसवण्याचा अविचार करू नये. शिकवणीचे पैसे वाचतील, ते तिकिटाला होतील. बसलाच, तर भूमितीचा पेपर तेवढा कोरा ठेवावा. मार्चमध्ये पास झाला तर पेढे वाटून दुःख जाहीर करू नये. विमा गेला, तपासणी गेली, किमान पगार गेला, शेजाऱ्यांना काय तोंड दाखवणार? उलट नापास झाला तर गुणपत्रिका लॅमिनेट करून भिंतीवर लावावी, खाली झेंडूचा हार. पुढं हेच लोण वाढलं तर शाळांच्या जाहिरातीही बदलतील. ‘आमचा शंभर टक्के निकाल’ असं छापणाऱ्या शाळेकडे आखाती पालक ढुंकून बघणार नाहीत. ‘खात्रीनं नापास, दहा लाखांच्या विम्यासह’ म्हणणारी शाळा हाऊसफुल्ल जाईल, आणि तिथंही डोनेशन लागेलच.

पास झालेल्याला कोणी तपासत नाही, हा शोध सरकारला लागायच्या आधी एजंटाला लागला आहे. टिळक चौकातल्या चहाच्या टपरीवर तो बसतो. प्लॅस्टिकची फाईल, त्यात कुणाकुणाचे पासपोर्ट आणि निळ्या पडद्यासमोर काढलेले फोटो. पोट्टा बापाला घेऊन आला की तो पहिला प्रश्न पगाराचा विचारत नाही, कामाचा विचारत नाही.

“दहावी पास हाय ना?”

“हो, सेकंड क्लास.”

“मंग काही टेन्शनच नाही.”

बापाची छाती फुगते. टेन्शन कुणाचं गेलं, हे त्या बापलेकांच्या लक्षात येत नाही. टेन्शन एजंटाचं गेलेलं असतं. नापास असता तर एजंटाला नोंदणी दाखवावी लागली असती, मालकाचे कागद लागले असते, खरा करार दाखवावा लागला असता. पास आहे, म्हणजे कोणी विचारणार नाही.

पण नापासालाही निराश करायचं नाही, हा एजंटाचा बाणा. तपासणी फक्त कामाला जाणाऱ्याची होते, फिरायला जाणाऱ्याची नाही. मग नापासाला व्हिजिट व्हिसा. ज्यानं घराशेजारच्या टिपेश्वरचा वाघ पाहिला नाही, ज्याच्या आयुष्यातली सगळ्यात लांबची सहल शेगाव, तो एका रात्रीत दुबईचा पर्यटक होतो. खिशात हिंडायला पैसे नाहीत, पिशवीत वेल्डरचे हातमोजे. तिथं उतरल्यावर ‘व्हिसा बदलून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन बंद. मुदत संपली की अमिरातीत दिवसाला ५० दिरहम दंड. आपल्या पैशांत दिवसाला हजाराच्या वर. इतकी मजुरी वणीत मिळाली असती तर तो गेलाच कशाला असता?

आता पैशांचं. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात स्पष्ट आहे, की भरतीचा खर्च मालकानं करायचा. तो कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष घ्यायचा नाही. आपल्याकडे नोंदणी असलेल्या एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. झाले ३५,४००. त्याची पावती द्यावी लागते. तिकडे शून्य, इकडे पस्तीस हजार, आणि टपरीवर सव्वा लाख. व्हिसाचे इतके, मेडिकलचे इतके, स्टॅम्पिंगचे इतके, वरच्या साहेबाचे इतके. वरचा साहेब कोण, हे कोणी विचारत नाही. साहेब वरचा आहे हे पुरेसं असतं. पावती मागितली तर एजंट दुखावतो. “विश्वास नाही का काका?” काका खजील होतात आणि उरलेले पन्नास हजारही देऊन टाकतात. हे पैसे आलेले असतात शेत गहाण टाकून. ज्या शेताच्या कापसाला भाव आला नाही म्हणून पोरगं निघालं, तेच शेत त्याच्या व्हिसाला तारण.

करारही दहावी पासाच्या हातात देतात. तो इंग्रजीत असतो आणि शेजारच्या रकान्यात अरबीत. अमिरातीत वाद झाला तर अरबी मजकूर खरा. आपला उमेदवार इंग्रजीत पास झालेला आहे. म्हणजे त्याला ‘माय फेवरेट फेस्टिव्हल’ हा निबंध पाठ आहे. करारात फेस्टिव्हल कुठंच नसतो. नोटीस पिरियड असतो, प्रोबेशन असतं, बेसिक आणि अलाउन्स वेगळे दाखवलेले असतात. ‘बेसिक’ या शब्दाशेजारचा आकडा कमी आणि खालची बेरीज मोठी असते. पोट्टा बेरीज बघतो. नोकरी संपताना सेवेबद्दल मिळणारी रक्कम बेसिकवर मोजतात, हे त्याला कोणी सांगत नाही. तो ‘साइन हिअर’ तेवढं बरोबर ओळखतो आणि सही करतो. तीही इंग्रजीत.

एक गोष्ट मात्र घरातले सगळे मिळून करतात, ती म्हणजे तिकडच्या रीतिरिवाजांची तयारी. रमजानच्या महिन्यात दिवसा चारचौघांत खायचं-प्यायचं नाही, परक्या बाईचा फोटो काढायचा नाही, रस्त्यावर शिव्या द्यायच्या नाहीत. या तिसऱ्या अटीवर आमच्या भागातल्या माणसाला स्वतंत्र प्रशिक्षण लागेल. आई अनारसे बांधून देते, वर भरपूर खसखस. सावजी मसाल्याचा डबा देते, त्यातही खसखस. अमिरातीत खसखस म्हणजे अमली पदार्थ. इकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं अफूच्या बोंडातून बी तेवढी वगळली आहे, म्हणून ती आपल्या किराणा दुकानात मिळते. तिकडे वगळलेली नाही. दहावी पास असल्यामुळे हे त्याला माहीत असणार, असं सगळे धरून चालतात. विज्ञानाच्या पुस्तकात खसखस कुठल्या धड्यात होती, ते मात्र कोणी सांगत नाही.

आणि सगळ्यात मोठा सल्ला उन्हाचा. “तिकडं ऊन लय असते, जपून राहाय.” हे कोण सांगतं? वणीची माणसं! मे महिन्यात पंचेचाळीस अंशात, कोळशाच्या ट्रकांनी उडवलेली काळी धूळ खात जगणारी माणसं दुबईच्या उन्हाची काळजी करतात. तिकडं १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं, नाहीतर मालकाला दंड. त्याच वेळात इकडे रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या बायांना पाण्याची बादली कुठं ठेवली आहे, ते शोधावं लागतं. त्यांना कुणी विचारलं नाही, दहावी पास आहात की नापास. इथं नापासाचंही रक्षण नाही आणि पासाचंही. ते फक्त विमानतळावर सुरू होतं आणि तेही काहीच लोकांसाठी. जमिनीखाली कोळसा, जमिनीवर कापूस, आणि आयटीआय झालेला पोरगा सव्वा लाख देऊन दुसऱ्या देशात वायरी ओढायला जातो, यात कुणाची अक्कल तपासायला हवी होती? पोराची?

पाटणबोरीपुढं पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगण लागतं. निझामाबाद, जगतियाल या भागांतल्या गावांनी आखात पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. तिथं शाळेचं तोंड न पाहिलेला म्हातारा तुम्हाला सांगतो, की ‘आझाद व्हिसा’ नावाची चीज घेऊ नको. व्हिसा एकाच्या नावाचा आणि काम दुसऱ्याकडे, हा तिकडे गुन्हा आहे. त्यानं हे गुणपत्रिकेतून शिकलेलं नाही. गावातल्या चार जणांचे पगार बुडाले, दोन जण तुरुंगात बसून आले, तेव्हा गाव शिकलं. आपल्याकडे अजून तेवढी माणसं बुडालेली नाहीत, एवढाच आपल्या अज्ञानाचा आधार. कायद्यानं मात्र त्या म्हाताऱ्याला पन्नाशीमुळे शहाणं मानलं आणि आपल्या पोट्ट्याला ३५ मार्कांमुळे. पहिल्याच्या बाबतीत तो बरोबर निघाला, योगायोगानं.

माझं म्हणणं इतकंच, की कागद तपासायचेच असतील तर सगळ्यांचे तपासा. इंजिनिअरचे, आयटीआयवाल्याचे, नापासाचे, पन्नाशीच्या बाबांचेही. विमा सगळ्यांना सक्तीचा करा. कर सोडला तर वर्षाला दीडशे रुपयेही पडत नाहीत. फसवणारा गुणपत्रिका बघून दर लावत नाही, मग रक्षण करणाऱ्यानं ती का बघावी?

तोवर आपलं आपण बघावं. एजंटाला नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का, ते घरी बसून पाहा. ३५,४०० च्या वर एक रुपया मागितला तर उठा. पावती मागा. व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका. करार आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. नापास असाल तर हे सगळं एकदा विचारा. दहावी पास असाल तर दोनदा विचारा, कारण तुमच्यासाठी दुसरं कोणी विचारणार नाही.