डायनोवरचा शिलेदार

स्वतःच्या मोटारीचे घोडे पैसे देऊन मोजून घेणारा पुरुष पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरांत आढळतो. वय साधारण अठ्ठावीस ते बेचाळीस. हुद्दा ‘सीनिअर’ या शब्दाने सुरू होणारा. गाडी अशी, की तिच्याबद्दल सोसायटीतल्या लोकांचे मत ‘बरी दिसते’ याच्या पुढे जात नाही. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. या हिशेबाने प्रस्तुत इसम स्वतःला शिलेदार समजतो. वास्तविक त्याच्या आर.सी. बुकावर बँकेच्या कर्जाचा बोजा चढवलेला असतो, म्हणजे घोडा सावकाराचा. काटेकोर बोलायचे तर हा बारगीरच. पण त्याच्या भावनांचा मान राखून येथे शिलेदार हाच शब्द वापरला आहे.

अस्सल स्पोर्ट्‌स कार, म्हणजे दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली आणि आईला मागे बसता न येणारी, त्याला परवडत नाही आणि घरात चालतही नाही. मग तो मधला मार्ग काढतो. या जातीचा एक उत्तम नमुना स्कोडा ऑक्टाव्हिया आर.एस. बाळगून असतो. ही गाडी २०१७ साली भारतात आली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीचा दावा २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. दारे चार, माणसे पाच, आणि डिकीत गावाकडच्या तांदळाची पोती मावतात. तीच पोती दाखवून ती घरात मंजूर करून घेतलेली असते. मंजुरीच्या वेळी २३० या आकड्याचा उच्चार होत नाही.

एवढ्या घोड्यांवर त्याचे भागत नाही आणि तो गाडी ‘रिमॅप’ करून घेतो. इंजिनाच्या संगणकात कोष्टके असतात. किती फेऱ्यांना टर्बोने किती हवा कोंबायची, पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, याचा सगळा हिशेब तिथे लिहिलेला असतो. कंपनीने हे आकडे जगभरचे भेसळीचे पेट्रोल, वाळवंटातला उन्हाळा आणि आळशी गिऱ्हाईक धरून हात राखून भरलेले असतात. ट्यूनर स्टिअरिंगखालच्या खोबणीत वायर लावून नवी कोष्टके चढवतो. याला ‘स्टेज वन’ म्हणतात. काम तासा-दोन तासांचे. मात्र या कामात एक मोठी खोट आहे. झालेला बदल डोळ्यांना दिसत नाही. घराला रंग काढला तर पाहुणे विचारतात, नवा सोफा घेतला तर बसून बघतात. रिमॅप केलेली गाडी पार्किंगमध्ये कालच्यासारखीच उभी असते. गेलेले पैसे तेवढे बँकेच्या मेसेजमध्ये स्पष्ट दिसतात. शिलेदाराला डायनोच्या दारात आणून उभे करते ते हेच दुःख.

डायनो म्हणजे डायनॅमोमीटर, शक्तिमापक. फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये फिरत्या दांड्याला ब्रेकसारखा आवळून, तो रोखायला किती जोर लागतो यावरून यंत्राची ताकद काढण्याची युक्ती शोधली. आजच्या गॅरेजमधले यंत्र त्याच घराण्यातले. जमिनीत बसवलेले भारी रूळ असतात आणि त्यांवर गाडीची चाके चढवतात. साध्या प्रकारात रुळांचे वजन ठाऊक असते आणि ते किती झपाट्याने वेग घेतात यावरून हिशेब होतो. दुसऱ्या प्रकारात रुळांना विद्युतचुंबकीय ब्रेक लावून गाडीला झुंजवतात. हा प्रकार बहुधा आकडा कमी दाखवतो, म्हणून शिलेदार-वर्तुळात त्याची कीर्ती वाईट आहे. घोडे खुद्द यंत्रही मोजत नाही. ते मोजते ते चाकांवरचा पीळ आणि फेऱ्या. त्यांचा गुणाकार करून घोडे संगणक जन्माला घालतो.

घोडा या एककाचा इतिहास शिलेदाराला सोयीपुरता ठाऊक असतो. जेम्स वॉटला वाफेची इंजिने खपवायची होती आणि गिऱ्हाइकांना घोड्यांचीच भाषा कळत होती. त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक घोडा असा भाव ठरवला. आजच्या मापात हा घोडा ७४५.७ वॉटचा. युरोपातला मेट्रिक घोडा मात्र ७३५.५ वॉटचाच, म्हणजे पाऊण क्विंटलचे पोते सेकंदाला एक मीटर उचलणारा. माहितीपत्रकातले २३० घोडे या हलक्या जातीचे असतात. वॉटच्या पागेत नेले तर ते २२७ भरतात. तीन घोडे हकनाक जातात, म्हणून शिलेदार कट्टर मेट्रिकवादी असतो.

मोजणीचा दिवस बहुधा रविवार. आदल्या रात्री तो १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरून ठेवतो, टायरची हवा दोनदा बघतो आणि ओझे नको म्हणून डिकीतली छत्रीसुद्धा काढतो. उभ्या गाडीच्या मापात छत्रीच्या वजनाने काडीचा फरक पडत नाही, हे त्याला कळते. पण मुहूर्ताच्या कामात कोणी तर्क चालवत नाही. बरोबर दोन मित्र असतात. एक चित्रीकरणासाठी आणि दुसरा ‘भावा, कडक’ म्हणण्यासाठी.

गॅरेजात पुढची चाके रुळांवर चढतात आणि गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जखडली जाते. नाकासमोर माणूसभर उंचीचा पंखा लागतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावा लागतो, कारण पुढची चाके दीडशेने धावताहेत आणि मागची जागेवर आहेत, हे पाहून गाडीच्या संगणकाला आपण चिखलात फसलो असेच वाटणार. मग चौथ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांपासून साडेसहा हजारांपर्यंत पाय दाबून धरतात. याला ‘रन’ म्हणतात. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. पत्रे थरथरतात, रबराचा वास सुटतो, शेजारचे कुत्रे गल्ली सोडते.

या सोहळ्यात शिलेदाराला गाडीत बसू देत नाहीत. तो मुंजीतल्या यजमानासारखा बाजूला उभा असतो. सगळा खर्च त्याचा, पण मंत्र कळत नाहीत आणि ट्यूनरगुरुजी सांगतील तेव्हा हात पुढे करायचा. पडद्यावर हवा-पेट्रोलच्या प्रमाणाची रेघ सरकते तिच्याकडे पाहून तो मान डोलावतो. आलेखातल्या दोन रेघांबद्दल मात्र त्याच्याजवळ पक्की विद्या असते. टॉर्क आणि अश्वशक्ती नेमक्या ५,२५२ फेऱ्यांना एकमेकींना छेदल्या नाहीत, तर आलेख खोटा. हा नियम खरा आहे. ३३,००० ला वर्तुळाच्या दोन पायने भागले की ५,२५२ येतात. पण टॉर्क पौंड-फुटांत, घोडे वॉटचे आणि दोन्ही रेघांना पट्टी एकच असेल, तेव्हाच तो लागू पडतो. समोरचा आलेख न्यूटन-मीटरमध्ये असतो. शिलेदार पाच मिनिटे हुज्जत घालतो आणि गुरुजी त्याला चहा पाजतात.

पहिल्या रनला आकडा कमी आला तर ‘गाडी अजून तापली नाही’. तिसऱ्या रनला कमी आला तर ‘गाडी फार तापली’. दुसऱ्या सबबीत तथ्य आहे. पंखा कितीही मोठा असला तरी ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही. टर्बोतून येणारी हवा थंड करणारा इंटरकूलर स्वतःच तापतो, हवा विरळ होते आणि संगणक इंजिन जपण्यासाठी ठिणगी मागे घेतो. पहिल्या सबबीला शास्त्रात तितका भक्कम आधार नाही.

आपल्या नमुन्याच्या गाडीने चाकांवर २६२ दिले असे धरू. आकडा चांगला आहे. पण शिलेदाराने घरून मनात तीनशे धरूनच आणलेले असतात, आणि येथून पुढे मोजणी संपून सुधारणा सुरू होते.

पहिली सुधारणा हवेची. मोजमाप मुंबईचे असो की मनालीचे, तुलना करता यावी म्हणून प्रमाण हवा ठरवलेली असते. अमेरिकी अभियंत्यांच्या जे-१३४९ या प्रमाणात ती २५ अंश तापमानाची आणि ९९० मिलिबार दाबाची कोरडी हवा असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथला दाब साडेनऊशे मिलिबारच्या आसपास राहतो आणि त्यातून दमटपणा वजा करावा लागतो. उन्हाळ्यातल्या दुपारी सूत्र साधारण नऊ टक्के भरपाई देते. २६२ चे २८६ झाले. आता गोम अशी, की टर्बो हवा विरळ असली तर स्वतःच जास्त फिरून बरीचशी तूट भरून काढतो. त्याला पुन्हा सगळी भरपाई देणे म्हणजे बुडालेल्या पिकाचा विमाही घ्यायचा आणि तेच पीक बाजारातही विकायचे.

दुसरी सुधारणा वाटेतल्या गळतीची. इंजिनाची ताकद गिअर, सांधे आणि टायर यांतून चाकांपर्यंत पोचताना काही मुरते. किती मुरते ते गाडीगणिक, गिअरगणिक आणि टायरच्या हवेगणिक बदलते. शिलेदार ते पंधरा टक्के धरतो, कारण सगळे पंधरा धरतात. २८६ ला ०.८५ ने भागले की ३३६. अशा रीतीने एकही बोल्ट न फिरवता, गाडी पट्ट्यांनी बांधलेली असतानाच, पागेत चौऱ्याहत्तर घोडे वाढतात. छापील कागदावर ३३६ येतात आणि २६२ तळाशी बारीक अक्षरात राहतात. तेवढा भाग फोटोत कापला जातो.

एवढ्यावरून त्याला वेड्यात काढणे मात्र अन्यायाचे होईल. कंपनीच्या आकड्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांनी इतिहासात काही लढाया जिंकल्या आहेत. १९९९ च्या फोर्ड मस्टँग कोब्राचा दावा ३२० अश्वशक्तीचा होता. मालकांनी गाड्या रुळांवर चढवल्या, घोडे कमी भरले, ओरड झाली, आणि फोर्डला विक्री थांबवून विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. माझ्दाने २००१ च्या मियाटाचे १५५ घोडे १४२ वर आणले आणि नाराज मालकांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. जपानात लबाडी उलट्या दिशेची होती. १९८९ पासून २००४ पर्यंत तिथल्या कंपन्यांनी आपसांतल्या समजुतीने कुठलीच गाडी कागदावर २८० च्या वर जाऊ दिली नाही. निस्सान स्कायलाइन जी.टी.-आर.सारख्या गाड्या प्रत्यक्षात त्याहून दांडग्या निघत. हे दाखले शिलेदाराला तोंडपाठ असतात आणि लग्नाच्या पंगतीतही तो ते सांगतो. ‘माझे वाढवून सांगतात, जपानी कमी करून सांगतात,’ हे त्याचे आवडते वाक्य. त्यातला पहिला भाग नकळत खरा असतो.

पुण्याच्या शिलेदाराची एक खास गंमत आहे. गाड्या अधिकृतपणे तपासणारी ए.आर.ए.आय. ही संस्था, स्थापना १९६६, त्याच्याच गावात वेताळ टेकडीवर आहे. इंजिन गाडीबाहेर काढून, बाकावर बसवून, हवेचे तापमान सांभाळून मोजण्याचे काम अशा ठिकाणी होते. शिलेदार सकाळी त्याच टेकडीवर फिरायला जातो. संस्थेच्या कुंपणाशी त्याच्या चालण्याचा वेग किंचित वाढतो, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. विमा कंपनीलाही त्याने स्टेज वनबद्दल काही कळवलेले नसते.

घरी कागद फ्रेम होऊन येतो. वडील चष्मा लावून दोन्ही रेघा नीट पाहतात आणि विचारतात, ‘अरे, पण ॲव्हरेज किती देते?’ प्रश्न चंदीचा असतो, आणि घोडे मोजणाऱ्याला चंदीबद्दल विचारू नये एवढा पोच वडिलांना नसतो. कर्वे रस्त्यावर सिग्नल मेहेरबान झाला तर गाडी ताशी चाळीसने जाते. त्या कामाला दहा घोडे पुष्कळ होतात. बाकीचे सारे मागच्या मागे चंदी खातात आणि दुचाक्या दोन्ही अंगांनी पुढे निघून जातात.

राहता राहिली एक गोष्ट. डायनो कशाला उपयोगी आहे, तर फरक मोजायला. तीच गाडी, तेच रूळ, बदलाच्या आधी आणि नंतर. वजाबाकीत यंत्राच्या, हवेच्या, गळतीच्या बऱ्याच चुका आपोआप छाटल्या जातात, आणि ट्यूनरने घेतलेल्या पैशांचे काय झाले ते कळते. शिलेदाराजवळ नेमका आधीचा आकडा नसतो. त्या रनच्या पैशांत नवा एअर फिल्टर आला होता.

तीनेक वर्षांनी मूल होते, सातजणांची गाडी लागते आणि ऑक्टाव्हिया विकायला निघते. जुनी कोष्टके परत चढतात, कंपनीचा फिल्टर माळ्यावरून खाली येतो आणि भिंतीवरची फ्रेम कपाटामागे जाते. जाहिरातीत ‘कंपनी मेंटेन्ड, कसलेही मॉडिफिकेशन नाही’ असे लिहिले जाते. घेणारा अर्थातच दुसरा शिलेदार असतो. पण हा जरा हिशेबी असतो आणि रिमॅपच्या आधी गाडी त्याच रुळांवर चढवून एक साधा रन घेतो. चाकांवर १९८ येतात. गुरुजींना जुने गिऱ्हाईक आठवते आणि ते तो आकडा मेसेजने कळवतात. पहिला शिलेदार कपाटामागची फ्रेम काढतो, तळाची बारीक अक्षरे शोधतो आणि वजाबाकी करतो. चौसष्ट. स्टेज वनच्या मानाने हा आकडा उत्तम आहे. त्याला तो कमी वाटतो. त्या दिवशी हवा दमट होती, असे तो बायकोला सांगतो.