तुमच्या चिरंजीवांचे रेडिओ

श्टुटगार्ट

ती. सौ. आईंना,


फोनवर हे बोलता येत नाही. फोन स्पीकरवर असतो आणि तुमचे चिरंजीव शेजारीच सोल्डरिंगची कांडी घेऊन बसलेले असतात. म्हणून पत्र.

व्हिडिओत मागे लाकडी कपाटं कसली दिसतात, असं तुम्ही विचारलंत. ती कपाटं नाहीत, रेडिओ आहेत. व्हॉल्व्हचे, १९५०च्या दशकातले, वर अक्रोडाचं चकचकीत व्हिनिअर. इथे लोक नको असलेलं मोठं सामान ठरलेल्या दिवशी फुटपाथवर काढून ठेवतात. पुण्यात ज्यांना भाजीची पिशवी जड व्हायची, ते आता ग्रुंडिगचा रेडिओ छातीशी धरून जिने चढतात. मोजायचं मी सोडून दिलंय. नशीब एवढंच की इथली रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो, घरामागे असते, रेडिओमागे नाही.

आणलेला रेडिओ लगेच लावायचा नाही, हे आता तुमच्या नातीला, ओवीलाही पाठ आहे. आतल्या कागदी कपॅसिटरवरचं डांबर तडकलेलं असतं. त्यातून करंट झिरपतो, आवाजाचा मोठा व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर जातो. म्हणून आधी कपॅसिटर बदलायचे, मग आपले वायरमन लावतात तसा सिरीजमध्ये बल्ब लावून वीज द्यायची. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भगभगत राहिला तर आत शॉर्ट. आत अडीचशेच्या आसपास व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ टिकून राहतात. त्यामुळे एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही. तो हात हल्ली भांडी घासायच्या वेळीही खिशातून बाहेर येत नाही.

रविवारी इथे ड्रिल, मशीन, ठोकाठोक सगळं बंद. मग हे पॉलिशपेपर घेऊन, लाकडाच्या रेषेरेषेने, हाताने घासत बसतात. घरभर थिनरचा वास आणि त्यात माझं वरण.

जेवताना व्याख्यान असतंच. युद्धानंतर इथे परवान्याशिवाय रेडिओ विकता येत नव्हता. तेव्हा फ्युर्टच्या माक्स ग्रुंडिगने १९४६ साली सुटे भाग खोक्यात भरून विकले, व्हॉल्व्ह वगळून. व्हॉल्व्ह नाहीत म्हणजे रेडिओ नाही, म्हणजे परवाना नको! हा माणूस आपल्या तुळशीबागेत नक्की चालला असता. पुढे १९४८च्या कोपनहेगन परिषदेत जर्मनीच्या वाट्याला मध्यम लहरींवर जेमतेम जागा आली, म्हणून जर्मनांनी १९४९पासून एफएम उभं केलं. त्याच्याच जोरावर ही म्हातारी मंडळी आजही बोलतात. फक्त बऱ्याच जणांची काच शंभर मेगाहर्ट्झला संपते आणि ओवीचं आवडतं स्टेशन त्याच्या पुढे.

मध्यम लहरींच्या पट्टीवर मात्र पॅरिस, रोम, हिल्वरसुम अशी गावं ओळीने छापलेली. लावा कुठेही, खरखर. इथल्या राष्ट्रीय नभोवाणीनेही २०१५च्या अखेरीस मध्यम लहरी बंद केल्या. रात्री कधी स्पेनमधलं कुणी बोलतं. आम्हाला कळत नाही, पण तुमचे चिरंजीव मान डोलावतात.

एक गोष्ट मात्र कबूल करते, त्यांच्या कानावर घालू नका. या रेडिओंना मागे ग्रामोफोनसाठी भोकं असतात. परवा त्यांत मोबाइल जोडून यांनी आकाशवाणी पुणे लावलं. आवाज असा भरदार आला की मी पोळी तव्यावर विसरले. लगेच म्हणाले, बघ, आता दिवाणखान्यासाठी एक साबा हवा. साबा म्हणजे ब्लॅक फॉरेस्टातल्या फिलिंगन गावचा. त्यांच्या 'फ्रायबुर्ग'मध्ये मोटर असते, काटा आपणहून स्टेशन शोधत धावतो. घरात कुणीतरी आपणहून काम करणारं असावं, हे मलाही पटलं, पण ठेवायचा कुठे?

आता मुद्द्याचं. आपल्या माळ्यावरच्या मर्फी रेडिओची चौकशी सुरू झाली आहे. तुम्ही दरवर्षी पोस्टात जाऊन ज्याचं लायसन्स भरायचात, तोच. विचारलं तर कृपा करून सांगा, भंगारवाल्याला दिला.

बाकी सर्व क्षेम.

तुमची सून

ता. क. : हे पत्र बाबांना वाचून दाखवू नका. ते लगेच मर्फी गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं काढतील.