जिन्याखालचा वास्तुविशारद

जिन्याखालचा वास्तुविशारद ही पुण्या-नाशकाकडच्या रो-हाउसांत आढळणारी, साधारण पस्तिशी ओलांडलेली पुरुषजात आहे. पेशाने तो बहुधा संगणकवाला किंवा बँकेतला. लाकडाशी आजवरचा संबंध पेन्सिलीपुरता. मूल चार-पाच वर्षांचे झाले की त्याची नजर जिन्याखालच्या तिरक्या कोनाड्याकडे वळते आणि ‘ही जागा वाया चाललीय, इथे पिल्लूला छोटं घर करू’ असे तो चहाच्या वेळी जाहीर करतो. वास्तविक मराठी घरात वाया गेलेली जागा नसतेच. तिथे गणपतीचे मखर, पाहुण्यांच्या गाद्या, बंद मिक्सर आणि ‘लागेल कधीतरी’ या सदरातला सारा ऐवज नांदत असतो. त्याची मालकी आजींकडे असते आणि त्यांची संमती कोणी विचारलेली नसते.

या ध्यासाचे मूळ जुने आहे. याच्या लहानपणी दिवाळीचा किल्ला वडीलच बांधत. याच्या वाट्याला अळीव पेरणे तेवढे येई. ती थकबाकी तो आता वसूल करतो. कोणी हसलेच, तर त्याचा दाखला तयार असतो: 1932 साली वेल्सच्या जनतेने सहा वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथला गवती छपराचे खरेखुरे छोटे घर भेट दिले होते. ‘त्यांच्याकडे इन्व्हर्टर जिन्याखाली नव्हता,’ हे बायकोचे उत्तर तो ऐकत नाही.

ते ऐकण्यासारखे असते. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद खोपटात मूल आणि बॅटरी एकत्र ठेवता येत नाहीत. शेवटी वायरमनने दम दिल्यावर इन्व्हर्टर हलतो. मीटर तिथे असेल तर बेतच बदलावा लागतो.

मग मापे. हा गृहस्थ मिलिमीटरमध्ये बोलतो, सुतारमिस्त्री सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे कळेपर्यंत दाराची चौकट तिरकी बसलेली असते. प्लायवूड आठ बाय चार फुटांचे येते, हे तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पोहोचल्यावर समजते, आणि सोबत स्वतःची हॅचबॅक असते. टेम्पोचे भाडे तो बायकोला सांगत नाही. पुढे फेविकॉल, बिजागऱ्या, पॉलिश पेपर आणि शेजाऱ्याकडून उसने आणलेले ड्रिल मशीन, असा संसार दिवाणखान्यात पसरतो. गिट्टी ठोकताना प्लास्टरचा पोपडा निघतो, तो झाकायला आतून चंद्र-चांदण्यांचा कागद लागतो. पाहुण्यांना ती ‘थीम’ म्हणून दाखवली जाते. मिस्त्री अधूनमधून डोकावतो, ‘साहेब, छान चाललंय’ म्हणतो आणि उलटी बसवलेली कडी निमूट सुलटी करून जातो.

आराखड्यात तुळशीवृंदावन, टपालपेटी आणि पितळी पाटी असते. मुलीची मागणी मात्र एकच असते: खिडकीला फळी हवी, दुकान मांडायचे आहे. पाटी आधी लागते, फळी शेवटी आजी मिस्त्रीकडून ठोकून घेतात. त्या दिवसापासून घराचे किराणा दुकान होते. आजी आत बसून गल्ला सांभाळतात आणि वास्तुविशारद बाहेर रांगेत उभा राहून स्वयंपाकघरातलीच तूरडाळ विकत घेतो. ‘सुट्टे नाहीत, उद्या या,’ हेही ऐकून घेतो. मूल झोपल्यावर मात्र तो ‘रंग वाळला का’ हे पाहायला आत शिरतो आणि मोबाईल घेऊन तासभर सापडत नाही. कपाळावरचे टेंगूळ त्याची हजेरी सांगते.

जिन्याच्या उतारामुळे आतली उंची जेमतेम चार फूट भरते. आठव्या-नवव्या वर्षी मूल तिथे ताठ उभे राहीनासे होते. मखर आणि गाद्या परत येतात, प्लायचे चपलांचे कपाट होते. गृहस्थ तोवर माळ्याकडे पाहू लागलेला असतो. अशा वेळी शेजाऱ्यांनी ड्रिल मशीन दुरुस्तीला दिले आहे असे सांगावे.