एका टायरसाठी अख्खी सकाळ

आमचे तात्या पोफळीच्या वीजगृहातून निवृत्त झाले. त्यांच्याकडे जुनी बुलेट आहे, आणि तिचा टायर ते स्वतः घालतात. सकाळी नऊला अंगणात गोणपाट टाकून बसतात, ते दुपारी एकला उठतात. नाक्यावर हेच काम अर्ध्या तासात होतं. शेजारी म्हणतात, "तात्यांना येड लागलंय." लागलंय खरं. मी त्या येडाच्या बाजूने लिहितो आहे, आणि मनापासून लिहितो आहे.

नवा टायर आधी उन्हात पडतो. रबर मऊ झालं की लिव्हरवर जोर कमी लागतो आणि रिमची कड वाकत नाही. तो विकत घेतानाच तात्यांनी दुकानात चष्मा लावून त्याच्या अंगावरचे चार आकडे वाचलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी वर्षानुवर्षं फळीवर पडलेलं रबर कडक होतं, आणि ओल्या डांबरावर कडक रबर धरत नाही.

मग रिम. कोकणात पावसाचं पाणी स्पोकच्या भोकांतून आत शिरतं आणि लोखंडी रिम आतून गंजते. गंजाचे पापुद्रे ट्यूबला हळूहळू खातात. तात्या ते पॉलिश पेपरने घासतात, वर आलेलं स्पोकचं टोक कानशीने बसवतात, रबरी पट्टी नवी घालतात. नव्या टायरला ट्यूबही नवीच. जुनी चांगली होती की, असं काकू दरवेळी म्हणतात. ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरात चुणी घेते आणि नेमकी त्या चुणीवर फाटते.

खरी गंमत कड चढवताना. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा, कडेला साबणाचं पाणी. तेल कधीच नाही, ते रबराला खातं. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. घाईत लोक नेमकं उलटं करतात. टायरच्या कडेत तार असते, ती ताणली जात नाही. शेवटचा घास चढवायचा तर समोरची कड रिमच्या मधल्या खोबणीत उतरायला हवी, आणि तिथे व्हॉल्व्ह असेल तर तो तिला उतरू देत नाही. मग लिव्हरवर पाय पडतो आणि ट्यूब चिमटते. चिमटलेली ट्यूब अंगणात काही बोलत नाही.

ती बोलते कुंभार्ली उतरताना. आमच्या गावाच्या माथ्यावर हाच घाट आहे. पावसात धुकं, वळणावर मालाने भरलेला ट्रक. ट्यूबलेस टायरची हवा बहुधा हळूहळू जाते. स्पोकच्या चाकातली ट्यूब फाटली की क्षणात बसते, आणि पुढची बसली तर हँडल हातात राहत नाही. चार तासांचा हिशेब इथे करायचा.

हवा भरून तात्या ती पुन्हा सोडतात आणि पुन्हा भरतात, म्हणजे ट्यूबची चुणी निघते. मग चाक फिरवून टायरच्या अंगावरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते बघतात. ज्यांची नोकरी डोंगराच्या पोटात पाण्याने फिरणाऱ्या चाकांपाशी गेली, त्यांना लडबडणारं चाक सहन होत नाही. मला हे फार मोठं शहाणपण वाटतं.

शेवटी व्हॉल्व्हची चकती. ती ते रिमला आवळत नाहीत, वर टोपीकडे सरकवून ठेवतात. टायर रिमवर सरकला तर ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. चकती आवळलेली असेल तर तो तिरका दिसतही नाही, थेट मुळातून तुटतो.

तुमच्याकडे स्पोकची जुनी गाडी असेल, तर घाट उतरण्याआधी दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह बघा. एक जरी तिरका दिसला तरी गाडी खाली आणू नका.