व्ही भागिले आय

मीटरकाकांना चहाला बोलवू नये, असं आमच्या सोसायटीत कुणी म्हणत नाही. ते यायच्या आत इलेक्ट्रिक किटली तेवढी लपवतात. काका किटली दिसली रे दिसली की उलटी करून बुडाशी काय लिहिलंय ते वाचतात. आत पाणी आहे का, हे मागाहून बघतात.

“१५०० वॉट, २३० व्होल्ट. म्हणजे साडेसहा अँपिअर,” पायजमा झटकत ते सांगतात, “आणि कॉइलचा रोध पस्तीस ओहम. वहिनी, तुमचं हे सॉकेट कितीचं?”

सॉकेट सहा अँपिअरचं असतं. मग चहा गॅसवर होतो.

असे काका बहुतेक सोसायट्यांत सापडतात. यांची नोकरी बँकेत, पोस्टात नाहीतर कोर्टात झालेली असते; विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. (खरे इलेक्ट्रिकल इंजिनिअर निवृत्त झाले की गुलाबाची कलमं करतात आणि बल्ब बदलायलासुद्धा माणूस बोलावतात.) निवृत्तीनंतर कधीतरी हाती मल्टिमीटर येतो, खिशात पेनाशेजारी टेस्टर विराजमान होतो आणि शाळेतलं एकुलतं एक पाठ सूत्र उसळी मारून वर येतं. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. एवढ्या भांडवलावर काका तीन विंगा सांभाळतात.

मागच्या थंडीत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सहज म्हणाल्या की हल्ली गिझरचं पाणी लवकर तापत नाही. काका मीटर घेऊन हजर. सॉकेटात २०० व्होल्ट निघाले.

“गिझर २००० वॉटचा, पण २३० व्होल्टला. म्हणजे रोध साडेसव्वीस ओहम. तो काही बदलत नाही. आता दोनशेचा वर्ग भागिले साडेसव्वीस... सुमारे १५०० वॉट! बघा, व्होल्टेज पडलं तेरा टक्के आणि वॉट पडले चोवीस टक्के. कारण इथे वर्ग येतो, वहिनी, वर्ग!”

“पण काका, आंघोळीचं काय?”

“चार मिनिटांऐवजी सव्वापाच मिनिटं थांबायचं.”

वहिनी तोवर पाऊण तास थांबल्या होत्या, तोही काकांचा हिशेब संपायची वाट बघत. पण उत्तर बरोबर होतं, हे कबूल केलं पाहिजे.

गोची होते ती गार बल्बाशी. एका घरात जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब सापडला. काकांनी तो होल्डरमधून काढून मल्टिमीटर लावला. रोध आला चाळिसेक ओहम. २३० चा वर्ग भागिले चाळीस: तेराशेच्या वर वॉट! काकांनी त्याच संध्याकाळी जिन्यात जाहीर केलं की या बल्बांनी पिढ्यान् पिढ्या लुटलं. अकरावीतल्या एका मुलीने, पायऱ्या न थांबता उतरत, सांगितलं की तार गार असताना रोध कमी असतो. पेटून लाल-पिवळी झाली की तो दहापटीहून वाढतो आणि ५२९ ओहमच्या आसपास पोचतो. काका म्हणाले, “तेच म्हणतोय मी.” जिन्यात आणखी कुणी नव्हतं, म्हणून निभावलं.

गणपतीत मात्र चारचौघांत झालं. मांडवाचा लोड मोजायला काकांनी नवा क्लँप मीटर आणला होता. तारेला चिमटा लावायचा की आतून किती अँपिअर वाहतात ते आकड्यात दिसतं. काकांनी जाडजूड दोन वायरींची आख्खी केबल चिमट्यात धरली. मांडव लखलखतोय, स्पीकर दणाणतोय, आणि मीटर शून्यावर. काकांनी मीटर झटकला, पुन्हा शून्य.

“एलईडी,” काका गंभीरपणे म्हणाले. “काही खातच नाही.”

मांडवाचा वायरमन विशीतला. त्याने फक्त फेजची वायर वेगळी करून चिमटा तिच्यावर चढवला. आकडा आला अकरा. एका वायरीतून जेवढं जातं तेवढंच दुसरीतून परत येतं, दोन्ही एकदम धरल्या तर एकमेकांना खाऊन टाकतात, एवढं बोलून तो प्रसादाच्या रांगेत गेला.

काका खचत नाहीत. अशा वेळी ते जॉर्ज ओहमला पुढे करतात. ओहम जर्मनीतला, बाप कुलपं करणारा, स्वतः कोलोनच्या शाळेत मास्तर. १८२७ मध्ये त्याने नियमाचं पुस्तक छापलं, तर घरच्या विद्वानांनी नाकं मुरडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. “चौदा वर्षं!” काका म्हणतात आणि तीन विंगांकडे सूचक नजर टाकतात.

माझं मत विचाराल तर पंखा, फ्रिज, मिक्सर यांच्या बाबतीत काकांचं ऐकू नका. मोटार आली की व्होल्ट गुणिले अँपिअर केल्याने खरे वॉट येत नाहीत, मध्ये पॉवर फॅक्टर येतो, आणि तो काकांना मान्य नाही. पण किटली, इस्त्री, गिझर अशा नुसत्या तापणाऱ्या वस्तूंत त्यांचा हिशेब चोख आहे. वस्तूवर लिहिलेल्या वॉटला २३० ने भागा. उत्तर सहाच्या वर गेलं तर ती वस्तू सोळा अँपिअरच्या सॉकेटातच लावा. सॉकेट बसवायला वायरमन बोलवा. काकांना बोलवावं लागत नाही.