दानधर्माला पाच तारे

सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या देणगीतून भायखळ्यात १८४५ साली रुग्णालय उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हाती मोबाइल नव्हता, हे मुंबईचे नशीब. आजच्या चोखंदळ दात्यासारखी त्यांनी आधी ‘प्रशासकीय खर्चाची टक्केवारी’ तपासली असती, तर इमारत, पगार, शेजारच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या पोरांचे शिक्षण, असा नुसता खर्चच खर्च पाहून ते कोपरापासून हात जोडून परतले असते. यावर कुणी विचारेल, मग काय भोंदूंचे फावू द्यायचे? मुळीच नाही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंद जरूर पाहावी, हिशेबही मागावेत. पण देणगीची पावती करसवलतीपुरतीच बोलते. रुग्ण बरा झाला की नाही, यावर ती गप्प. अमेरिकेतली गिव्हवेल ही संस्था २००७ पासून एक जीव वाचवायला किती डॉलर लागतात ते मोजू पाहते, आणि हे अंदाज कच्चे आहेत, असे स्वतःच लिहून ठेवते. आपल्याला तळटीपेपर्यंत धीर कुठला? मोबाइलवर संस्थेच्या नावापुढे पाच तारे दिसले की पाचशे रुपये, आणि पावती लगोलग स्टेटसला.