तटातल्या पिंपळास

चिरंजीव पिंपळास,
मुक्काम वासोटा किल्ला, कोयना अभयारण्य, तटाची फट,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझं अभिनंदन. पाखरू फळ खाऊन तटावर बसतं काय, त्याच्या विष्ठेतलं बी चुन्याच्या सांध्यात रुजतं काय आणि तू थेट कायद्याच्या छत्राखाली येतोस काय! १९७२च्या वन्यजीव कायद्यानं अधिवासाचा भाग असलेली वनस्पतीही 'वन्यजीव'च. तू ज्याला विळखा घातलास, तो चिरा मात्र कुणीच नाही.

१८१८मध्ये इंग्रजांना या किल्ल्यासाठी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवाव्या लागल्या. तुझं काम बिनआवाजी. मूळ जाडावतं, सांधा उकलतो, पाणी मुरतं, तटाला पोट सुटतं आणि एखाद्या श्रावणात चार चिरे दरीत जातात. पावसाळ्यात गड बंद, त्यामुळे साक्षीदारही नाही.

तुला उपटायचं तर त्याच वन्यजीव कायद्याचं कलम २९ आडवं येतं. परवाना मिळतच नाही असं नाही. फक्त त्यानं वन्यजीवांचं भलं होईल, अशी सरकारची खात्री पटावी लागते. आता तुझ्या मरणात तुझं भलं कसं, हे टिपणीत बसवणारा कारकून जन्मायचा आहे.

युनेस्कोही तुझ्याच बाजूनं. २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर कोयना अभयारण्य जागतिक वारसा झालं. २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले त्या मानाला पोचले, त्यात वासोटा नाही. थोडक्यात, वारसा तू. तट म्हणजे तुझी कुंडी.

गैरसमज नको. वाघाला जंगल हवंच. सहलकऱ्यांच्या चुली आणि बाटल्यांनी इतर गडांचं काय केलं ते पाहिल्यावर इथल्या मुक्कामबंदीला माझा दोन्ही हातांनी पाठिंबा आहे. पण बामणोलीहून लाँचनं दोन गवंडी, एक कोयता आणि चार घमेली चुना आला, तर वाघ राजीनामा देईल असं वाटत नाही. गडावर चुन्याचा घाणा आहे, पण पाहण्यापुरता. या खोऱ्यातली कितीतरी गावं आधी धरणानं उठवली, मग अभयारण्यानं. तट झाडायला बोलवायचं तरी कुणाला?

तेव्हा एवढंच कर. तुला उपटण्याचा आमचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत जाड होऊ नकोस.

तुझा,
मुक्कामाची मुभा नसलेला एक गडप्रेमी